उंदराने कुरतडलेलं

“हे हरीण मेलं कशाने?”

दीनानाथांनी हे इंग्रजीत विचारलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. समोर टेबलावर सांबराचं अख्खं कातडं पसरलं होतं. त्याला त्यांनी अजून बोटसुद्धा लावलं नव्हतं.

ग्लेनिसने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. डोंगरातल्या ह्या पत्र्याच्या शेडमध्ये बाई कातडी कमावायची, टोप्या, हातमोजे, पिशव्या करायची. गिऱ्हाईक भाव विचारी, रंग विचारी. मरण विचारणारे हे पहिलेच.

“गोळीने,” ती म्हणाली. “दुसरं कशाने?”

दीनानाथ सुनेकडे वळले. “विनीता, तू तर म्हणालीस चौकशी केली आहेस.”

“बाबा, वेबसाइटवर ‘एथिकल’ लिहिलं होतं.” विनीता कानकोंडी झाली. “मला वाटलं, आपोआप मेलेल्यांचंच असेल.”

रविवारी इथे परदेशात, मुलाच्या पॉइंट कुकच्या घरी नातवाची, रुद्रची मुंज होती. दोऱ्यात ओवून बटूच्या गळ्यात घालायला बोटभर अजिन, म्हणजे हरणाचं कातडं हवं होतं. घरचं चार पिढ्यांचं, आपोआप मेलेल्या हरणाचं म्हणून जपलेलं मृगाजिन देशाबाहेर न्यायला कायद्याने बंदी, म्हणून ते पुण्यातच राहिलं. दीनानाथ साठ वर्षं रोज पहाटे त्याच्यावर बसून जप करत आले होते. मारलेल्या जनावराचं कातडं अंगाला लावायचं नाही, हे त्यांनी स्वतःच्या मुंजीत ठरवलं आणि तडीस नेलं. कमरेला कापडी पट्टा, पायात रबरी चपला. बँकेत मॅनेजर झाले तेव्हाही कॅनव्हासचेच बूट. स्टाफ पाठीमागे हसायचा. हसेना का.

ग्लेनिसने कातड्याला बांधलेली चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. तारीख, डोंगराचं नाव, मादी, वय चार, एक गोळी.

“माझ्याकडे लपवाछपवी नाही, मेट,” ती म्हणाली. “ही सांबरं इथली नव्हेत. गोऱ्यांनी हौसेने जहाजातून आणली, आता जंगल खाऊन टाकतायत. मारावी लागतातच. मारतात आणि तिथेच कुजू देतात. मी निदान कातडं उचलते, वॉटलच्या सालीत कमावते. ह्या चिठ्ठीशिवाय इथून काही विकलं जात नाही.”

वॉटल म्हणजे बाभळीचीच एक जात. शेडभर तोच तुरट वास होता. दीनानाथांना तो ओळखीचा वाटला आणि उगाचच राग आला. चिठ्ठी लावली की पाप धुतलं जातं वाटतं!

“बघा, चांगला नेमबाज होता. हाल झाले नाहीत.” तिने खांद्यामागच्या केसांवर फुंकर मारली. केस बाजूला झाले आणि एक भोक दिसलं. लहानसं, गोल, रेखीव. “इथून आत गेली.” मग तिने पलीकडच्या कुशीवर हात ठेवला. तिथे केवढी तरी फाटलेली जागा होती. “आणि इथून बाहेर. बाहेर पडताना नेहमी असं फाडूनच पडते.”

दीनानाथांचे पाठीमागचे हात सुटले.

आपण पाहतो आहोत ते काय, हे त्यांना क्षणभर कळेचना. हे भोक त्यांचं होतं. घरच्या मृगाजिनाला, इथेच, खांद्यामागे. आठ वर्षांचे असताना करंगळी घालून ते तासन्‌तास बसायचे. “उंदराने कुरतडलं,” वडील म्हणाले होते. नुसते म्हणाले नाहीत, संध्याकाळी बाजारातून पिंजराही घेऊन आले. महिनाभर त्यात भाकरीचा तुकडा लटकत होता. उंदीर काही सापडला नाही.

आणि दुसऱ्या कुशीवर आईने लावलेलं लाल खणाचं ठिगळ. चांगलं तळहाताएवढं.

त्यांनी टेबलाची कड धरली.

“बाबा? काय होतंय? पाणी देऊ?”

त्यांनी मान हलवली आणि ग्लेनिसला विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. “उंदीर असं भोक पाडतो का?”

ग्लेनिस हसली. “उंदीर कडेने खातो हो. मधोमध गोल कशाला कोरत बसेल?”

साठ वर्षं. रोज पहाटे. आंघोळ करून, डोळे मिटून. वडिलांना ठाऊक होतं. ठिगळ लावताना आईलाही कळलं असणार. आपल्यालाच कसं कळलं नाही? की पिंजरा रिकामा राहिला तेव्हाच कळलं होतं, आणि आपण पुन्हा कधी विचारलं नाही? दीनानाथांना स्वतःच्या कापडी पट्ट्याची एकाएकी भयंकर लाज वाटली.

“चला बाबा, आपण जाऊ,” विनीता म्हणाली. “मी गुरुजींशी बोलते. अजिनाशिवाय करतील काहीतरी. सॉरी ग्लेनिस, वी वोन्ट...”

“थांब.”

ग्लेनिसने मानेजवळच्या मऊ भागावर खडूने चौकोन आखून ठेवला होता. हातात आरी होती. दोरा ओवायला भोक पाडून देणार होती. दीनानाथांनी तो चौकोन तळहाताने पुसला. कातड्याला त्यांनी हात लावला तो तेव्हा पहिल्यांदा. मग बोट खांद्यामागे नेऊन टेकवलं.

“इथला काप म्हणावं. आरी नको. दोरा ह्याच्यातूनच जाईल.”

“बाबा, पण तुम्हीच तर म्हणालात...”

“आणि ती चिठ्ठीही माग.”

विनीताने त्या भोकाकडे बोट दाखवलं. “अहो, रुद्र पहिल्यांदा तेच विचारेल. हे होल कसलं म्हणून.”

“विचारणारच,” दीनानाथ म्हणाले. “उंदराने कुरतडलं, असं सांगू नकोस.”