चवीचं तुम्ही बघा

“अहो, जरा मसाला बघा,” म्हणून श्यामलाबाईंनी चमचा पुढे केला.

ज्ञानेश्वररावांनी डोळे मिटले. हिरव्या टोमॅटोची फोड जिभेवर घोळवली, मान किंचित तिरकी केली. श्यामलाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.

“हिंग जरा कमी पडलाय. बाकी फर्स्ट क्लास.”

श्यामलाबाईंनीही चमचा चाटला. “मलाही तेच वाटलं,” म्हणाल्या आणि हिंगाची आणखी थोडी फोडणी करून वर ओतली.

दर शुक्रवारी संध्याकाळी हे असंच चाले आणि दर शुक्रवारी ज्ञानेश्वरराव अंदाजाने काहीतरी ठोकून देत. कोविड होऊन गेल्यापासून त्यांना वासच येत नव्हता. खारट, आंबट, तिखट तेवढं जिभेला समजे. हिंग, मेथी, जिरं सगळं एकच, ओल्या पुठ्ठ्यासारखं. उभा जन्म नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात पेशंटना भूल देण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर गृहस्थ घरी बायकोला भूल देत बसले होते.

सांगून टाकायला हवं होतं, पण वेळ चुकली ती चुकलीच. त्या आजारातून दोघं बरोबरच उठले. मग श्यामलाबाई लायब्ररीतून निवृत्त झाल्या आणि एकदम मिटल्यासारख्या झाल्या. स्वयंपाकसुद्धा उरकल्यासारखा करत. त्या वर्षी अलॉटमेंटवरचे, म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या वाफ्यातले, टोमॅटो काही केल्या पिकेनात, तेव्हा ज्ञानेश्वररावच म्हणाले, “तू याचं लोणचं घाल. शनिवारच्या फार्मर्स मार्केटमध्ये स्टॉल लावू.”

त्यांनी एक हिरवा टोमॅटो हातात घेऊन उलटसुलट फिरवला. मग म्हणाल्या, “चवीचं तुम्ही बघणार असाल तर लावते.”

किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. तो बघून ज्ञानेश्वरराव ‘बघतो की!’ म्हणून मोकळे झाले. अशा वेळी खरं बोलायला फार मोठं काळीज लागतं.

आणि स्टॉल चालला! बरण्या दुपारच्या आत संपत. श्यामलाबाई पुन्हा गुणगुणायला लागल्या, बियाणांचे कॅटलॉग चाळायला लागल्या. पूर्वी सगळं अंदाजाने टाकणारी ही बाई आता मसालासुद्धा वाटीने मोजून घेई. डब्यांना तिने नीटस लेबलं लावली होती. लायब्ररीची सवय, दुसरं काय, असं ज्ञानेश्वररावांना वाटे. त्यांना मात्र ती लेबलं देवासारखी धावून येत.

तरी धाकधूक होतीच. परवाच दूध करपून धुराचा अलार्म बोंबलला. ज्ञानेश्वरराव स्वयंपाकघरातच पेपर वाचत होते. श्यामलाबाई शेजारीच मेथी निवडत होत्या. “माझं मेलं लक्षच नव्हतं,” असं म्हणून त्यांनी दोष स्वतःवर घेतला, तेव्हा ज्ञानेश्वररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सांगितलं तर ही स्टॉल बंद करणार. अट तिने आधीच घातलेली. आणि मग पुन्हा ते मिटून बसणं. ते त्यांना बघवलं नसतं.

शनिवारी ऊन छान पडलं होतं. शेजारच्या मधवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा झाल्या, थर्मासमधला चहा झाला. नेहमीच्या एका गोऱ्या आजीबाईंनी चव बघितली आणि डोळे विस्फारून म्हणाल्या, “लव्हली! आज अगदी ख्रिसमससारखं लागतंय. काय घातलंय?”

“आस्क माय हजबंड,” श्यामलाबाई म्हणाल्या. चवीचा प्रश्न आला की त्या नेहमी असंच सांगत.

ज्ञानेश्वररावांनी मोहरीच्या ठसक्यावर आणि जिऱ्याच्या खमंगपणावर छोटंसं भाषण ठोकलं. आजीबाईंनी तीन बरण्या नेल्या.

तेवढ्यात चैत्राली आली. नागपूरची, इथे आयटीत नोकरीला. सातवा महिना लागलेला आणि या लोणच्याचे डोहाळे. तिने तिथेच बरणी उघडली, नाकाशी नेली आणि थबकली.

“काका, धिस इज सो वीअर्ड. ह्याला ॲपल पायचा वास येतोय.”

“छे गं!”

“खरंच, काका. सिनॅमन आहे ह्यात. जिरं नाहीच आहे.” तिने चमचाभर खाल्लं. “नॉट बॅड, पण हे लोणचं नाहीये, डेझर्ट आहे.”

ज्ञानेश्वररावांना एकदम आठवलं. लेस्टरहून आणलेल्या मसाल्याच्या बिननावाच्या पिशव्या सोमवारी त्यांनीच हौसेने डब्यांत भरल्या होत्या. दोन्ही पुडी तपकिरी, दोन्ही बारीक. जिऱ्याच्या डब्यात दालचिनी गेली होती.

चैत्राली तरीही एक बरणी घेऊन गेली. ज्ञानेश्वररावांनी बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता ती विचारणार, काल चाखलंत तेव्हा कसं नाही कळलं? तिने विचारायच्या आत आपणच सांगावं, एवढी तरी लाज राखावी.

“श्यामला, चूक माझी आहे. डबे मी भरले. आणि... मला वासच येत नाही गं. कोविडपासून. दर शुक्रवारी मी तोंडाला येईल ते सांगतो. तू खूश होतीस, म्हणून बोललो नाही.”

श्यामलाबाईंनी हातातली बरणी उघडून नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. मग खुर्ची ओढून बसल्या.

“अहो, मग इतकी वर्षं मी कुणाच्या नाकाच्या भरवशावर लोणचं घालत होते?”