दुसरी रिबीन

चोखण्यांनी लगडलेल्या त्या झाडाखाली येप्पेने लेकीला, आस्ताला, कडेवर घेतलं. मूल मोठं झालं की कोपनहेगनकर त्याची चोखणी इथेच टांगतात. उन्हाळा सरत आला होता, सोमवारपासून आस्ताची बालवाडी सुरू. “रात्री भोकाड पसरशील बघ!” तिच्या दादाने चिडवलं. “तूच पसर!” म्हणत तिने लाल रिबिनीची चोखणी फांदीला अडकवली. ओठ थरथरले, पण रडली नाही. येप्पेला मात्र सकाळपासून एक कोडं पडलं होतं: चोखणी एकच, मग पोरीने हट्टाने रिबिनी दोन कशाला घेतल्या? “ही दुसरी कुणासाठी गं, चिमणे?” त्याने विचारलं. “बाबा, मोठं झालं की तोंडात काही धरायचं नसतं, असं तूच म्हणालास ना?” “म्हणालो की.” तिने त्याच्या शर्टाच्या खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं आणि रिबीन पुढे केली. “रात्री रडू आलं, तर माझ्याजवळ येऊन झोप.”