संस्कृतच्या कपाटातलं पुस्तक

नो-ड्यूजच्या फॉर्मवर फक्त ग्रंथपालांची सही उरली होती. सोमवारी तिला पोलीस प्रशिक्षणाला हजर व्हायचं होतं.

"सर, सहीआधी एक सांगायचंय," ती म्हणाली. "पोलीस भरतीचं पुस्तक कुणी नेलेलं नाही. मी ते संस्कृतच्या कपाटात लपवलंय. तिकडं कुणी फिरकत नाही."

'कमवा आणि शिका'मध्ये ती दोन वर्षं इथं पुस्तकं लावायची. ती एकमेव प्रत मागणाऱ्या प्रत्येकाला तिनं "बाहेर गेलंय" असंच सांगितलं होतं.

"पोलीस व्हायच्या आधीच कबुलीजबाब?" सरांनी सही केली. "दिवाळीच्या सफाईत शिपायानं ते जागेवर ठेवलं होतं. मीच परत संस्कृतमध्ये नेऊन ठेवलं."

ती पुस्तक काढून जागेवर लावायला निघाली.

"राहू दे गं तिथंच," सर म्हणाले. "सोमवारी तुझ्या जागी येणारी मुलगीही भरतीचीच तयारी करतेय."