पन्नास नंबरची ट्यूब

ललितानं ट्यूब काउंटरवर आपटली. "गोपालभाऊ, मले हे काय देल्लं होतं तुमी?"

एटापल्लीच्या त्या मेडिकलवाल्यानं मोबाइलवरून मानही वर केली नाही. "उन्हाची क्रीम मांगतली ना तू? सूर्याचं चित्र हाये का नाई त्याच्यावर?"

चित्र होतं. त्या चित्रावरच तर बिचारी फसली! तेंदूपानं तोडायला जाताना लेकीला घरी एकटी कुठं ठेवणार? रोज सकाळी पोरीच्या तोंडाला क्रीम चोळायची आणि सोबत न्यायची. आठ दिवसांत नाकाची सालटी निघाली. गावच्या आशा सेविकेनं, सत्यशीलानं, ट्यूब उलटी करून एसपीएफचे बारीक आकडे दाखवले, तेव्हा कुठं उलगडा झाला. तेव्हापासून ललिताच्या अंगाची लाही लाही होत होती.

"चित्र नोका सांगू. नंबर वाचा. पंधरा हाये. मले पन्नासवाली पाह्यजे. अन् ही तारीख पाह्या, मागच्या दिवाळीतच सरली."

"लयच शिकली व बाई तू!" गोपाल हसला. बाकड्यावर बसलेले दोघंही फिदीफिदी हसले. "पन्नासवाली शहरातल्या बायाइले लागते. जंगलात कोन पाह्यते तुले? हेच लाव महिनाभर, मस्त गोरी होशीन."

ललिताचं डोकंच सणकलं. भाऊ नाही नि अहोजाहो नाही. "मले नाई पाह्यजे रे मुडद्या!"

तिनं पाठीमागं उभ्या लेकीला पुढं ओढलं आणि तोंडावरचा दुपट्टा काढला.

करिष्मा आठ वर्षांची. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. जन्मापासूनच तशी. नाकागालांवर लालभडक फोड आले होते आणि उजेडानं डोळे मिचमिचत होते.

बाकड्यावरचं हसू बंद झालं. गोपाल खुर्चीतून उठला. "पहिले सांगाचं ना, बाई."

"तू इचारलं?"

त्यानं मागच्या फळीवरून एक खोका काढून पुढं सरकवला. ललितानं तो हातात घेतला. नंबर पाहिला, तारीख पाहिली, पुन्हा एकदा पाहिली. गोपाल उभाच होता. राहू दे उभा, तिला काही घाई नव्हती.

करिष्मानं काउंटरवरची जुनी ट्यूब डोळ्यांजवळ धरून पाहिली.

"आई," तिनं विचारलं, "हा मले अजून गोरी करून राह्यला होता का?"