रिकाम्या हौद्यातले अडतीस किलो

विजेवर चालणाऱ्या पिकअपचा हौदा रिकामा होता, तरी स्क्रीनवर मागे अडतीस किलो माल दिसत होता.

"एक तारखेला एक्केचाळीस होता," मालक म्हणाला. "बॅटरी खातंय हे फुकटचं ओझं."

"सेन्सर येडा झालाय, दादा," मेकॅनिक हसला. "शून्यावर आणू?"

मालकाने खिशातला नर्सचा कागद उघडला. अंथरुणाला खिळलेल्या आईचं वजन एक तारखेला एक्केचाळीस होतं, आज सकाळी अडतीस. तिला उचलून उचलून त्याची पाठ गेली होती.

त्याने कागद नीट घडी करून ठेवला.

"आण," तो म्हणाला.

आकडा शून्य झाला. माल उतरवल्यावर येतो तसा रिकामा हौदा बोटभर वर आला.

त्याच स्क्रीनवर घरून आलेला फोन वाजू लागला.

"घ्या की, दादा."