ओढणारी नळी

एकाहत्तर साली सर्जेराव मिस्त्रींसारखा हात अख्ख्या भोरात दुसरा नव्हता. लष्कराच्या लिलावातली गेनूची जुनी जीप त्यांच्याकडं आली, तेव्हा इंजिनावर नळ्यांचं नुसतं जंजाळ होतं. मिस्त्रींनी ते दोन दिवसांत सोडवलं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोलची एकच सरळ वाट ठेवली. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीवर वायपर चालायचा. त्याची नळी काढून इंजिनावरच्या भोकात बोल्ट मारला.

काढण्याआधी चालू इंजिनावर त्या नळीच्या तोंडाशी त्यांनी गेनूचा अंगठा धरला. तो गपकन चिकटला.

"बघितलीस ओढ? ही निस्ती वढती, गेनू. सोडत कदी न्हाई."

मग रिवाजाप्रमाणे काढलेला सगळा माल फडक्यात बांधून त्यांनी मालकाच्या हवाली केला.

जीप अशी गुमान चालली, की हिर्डोशीचा चढ लागेस्तोवर गेनू मनातल्या मनात मिस्त्रींच्या पाया पडत होता. भर दुपारी पाणी प्यायला त्यानं गाडी बंद केली.

शेजारच्या सीटवरनं बारीक सूं सूं ऐकू आली.

त्यानं गाठोडं सोडलं. वायपरची नळी होती. तिची दोन्ही टोकं मोकळी होती.

मिस्त्रींनी दाखवलं होतं तसा त्यानं एका तोंडावर अंगठा ठेवला. तो गपकन चिकटला. गेनूला हसू फुटलं.

"काय हात हाय मिस्त्री तुमचा! काढलेली नळीबी चालती."

तेवढ्यात ओढ सैल पडली आणि नळीनं हळूच श्वास सोडला. अंगठ्याला तो श्वास ऊन ऊन लागला.