खाडीकाठचं विसर्जन

सॉफ्टवेअरवाल्या अंबरीषचं गणपती विसर्जन फसलं. पण कॉलिंग कार्डावरून पुण्याला आईला त्याने "छान झालं" असंच सांगितलंय, तेव्हा आपणही काही घडलंच नाही असं धरून चालू.

टोकियोतल्या निशी-कसाई भागाजवळच्या खाडीत त्याने दीड दिवसाची शाडूची मूर्ती हळूच सोडली, डोळे पुसले आणि मागे वळला. तेवढ्यात खाडी वाचवणाऱ्या संस्थेचे कुवाबारा-सान गमबुटांसकट पाण्यात उतरले, मूर्ती बाहेर काढून टॉवेलने टिपली आणि कमरेत वाकून परत दिली. "तुमची वस्तू पडली होती."

दुसऱ्यांदाही तेच.

"अरे, नीट सांग ना त्यांना!" त्याची बायको चारुता कुजबुजली. "निरोप दिलेल्या बाप्पाला परत घरी कसं न्यायचं?"

अंबरीषने मोडक्यातोडक्या जपानीत हात जोडले. "पडली नाही हो, आम्हीच सोडतोय. त्यांना आईवडिलांकडे जायचंय, कैलासावर."

कुवाबारा-साननी खाडीच्या पाणलोटाचा नकाशा उघडून दोनदा तपासला. "हे पाणी तिकडे जात नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "आणि लेकराला असं एकटं सोडता?" मग मूर्ती टॉवेलात गुंडाळून ते स्वतःच घेऊन गेले.



थोड्याच वेळात किनाऱ्यावरचा भोंगा बोलू लागला: "कैलासाचे गणपती-सान आमच्या कार्यालयात सुखरूप आहेत. आई किंवा वडिलांनी ओळखपत्रासह समक्ष येऊन त्यांना घेऊन जावे, ही नम्र विनंती."